एका महिन्यात एक लाख

एखाद्याने मोलाचा सल्ला दिला, की ‘लाखाची गोष्ट सांगितलीत’ असे आपण म्हणतो. वाडवडिलांनी कष्टाने जमवलेली पुंजी मुलाने हातोहात घालवली, की ‘लाखाचे बारा हजार केले’ असेही आपणच म्हणतो. लाख तोच, परंतु एका वाक्यात तो शहाणपणाचे माप होतो आणि दुसऱ्या वाक्यात अविचाराचे. पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या तोंडी ही दोन्ही वाक्ये नित्य असतात. १९५२ साली पडद्यावर आलेल्या एका मराठी चित्रपटाने पहिल्या वाक्यातून आपले नाव घेतले आणि दुसऱ्या वाक्यातून आपला विषय. त्या चित्रपटाचे नाव ‘लाखाची गोष्ट’.

या चित्रपटाची गाणी अजून जिवंत आहेत. सुगम संगीताच्या कार्यक्रमात त्यांतले एक तरी गाणे होतेच, आणि समोर बसलेली साठीच्या पुढची मंडळी ओठांतल्या ओठांत ते म्हणत असतात. परंतु ही गाणी ज्या कथेत गुंफलेली होती ती कथा सांगा, असे म्हटले तर दहांतले आठ जण गप्प होतात. हार राहिला आणि ज्या मूर्तीसाठी तो गुंफला ती विस्मरणात गेली, असे या चित्रपटाचे झाले आहे. म्हणून या महिन्याचे हे पान त्याच्यासाठी.

दिग्दर्शन राजा परांजपे यांचे, गीते ग. दि. माडगूळकर यांची आणि संगीत सुधीर फडके यांचे. राजाभाऊ, गदिमा आणि बाबूजी हे त्रिकूट त्या दशकात मराठी घराघरांत पोहोचले होते. त्याच १९५२ सालात राजाभाऊंचा ‘पेडगावचे शहाणे’ हाही चित्रपट आला. पुढे ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’, ‘पाठलाग’ असे एकाहून एक सरस चित्रपट त्यांनी दिले. ‘लाखाची गोष्ट’मध्ये राजा गोसावी आणि स्वतः राजा परांजपे यांची जोडी आहे. नायिका म्हणून दोन सख्ख्या बहिणी प्रथमच पडद्यावर आल्या. सुखटणकर घराण्यातल्या या कुसुम आणि कुमुद यांना पडद्यासाठी चित्रा आणि रेखा अशी नावे मिळाली, आणि लग्नानंतर चित्रा नवाथे व रेखा कामत म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखू लागला. रेखाताई २०२२ साली गेल्या, चित्राताई २०२३ साली. गाण्यांना आशा भोसले, मालती पांडे आणि स्वतः फडके यांचे स्वर आहेत.

कथेचे बीज असे. दोन तरुण मित्र आहेत. गुणी, पण खिशाने कफल्लक. त्यांतल्या एकाचे प्रेम एका धनवंताच्या मुलीवर जडते. मुलीच्या बापासमोर असा जावई उभा राहिला म्हणजे काय होते ते आपण असंख्य कथांतून वाचलेले आहे. बाप संतापतो, दार दाखवतो, मुलीला खोलीत कोंडतो, किंवा ‘आधी चार पैसे मिळवून दाखव’ असे बजावतो. या चित्रपटातला बाप यातले काहीच करीत नाही. तो म्हणतो, हे घे एक लाख रुपये आणि एका महिन्यात खर्च करून दाखव. जमले तर मुलगी तुझी.

ऐकताक्षणी हसू येते. गरिबाला पैसे मिळवणे कठीण, हे आपल्याला ठाऊक असते. खर्च करणे ते काय कठीण? त्या दोघा मित्रांनाही प्रथम तसेच वाटते, आणि मग त्यांची जी तारांबळ उडते तीच या चित्रपटाची सारी गंमत आहे. पण हे हसू थोडे बाजूला ठेवून ती अट हिशेबनिसाच्या नजरेने तपासून पाहू.

पहिला प्रश्न, लाख म्हणजे किती? १९५२ साली सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे त्या लाखात हजाराहून अधिक तोळे सोने आले असते. आज दहा ग्रॅम सोन्याला लाख रुपये पुरत नाहीत. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होत, दशमान नाणी यायला अजून पाच वर्षे होती, आणि सिनेमाचे खालच्या वर्गाचे तिकीट आण्यांत मिळे. अशा दिवसांत रोजचे सव्वातीन हजारांहून अधिक रुपये संपवायचे, तेही सलग तीस दिवस. ज्याचा महिना शंभर-दीडशे रुपयांत निभतो, त्याला या रकमेची कल्पनाही करता येणार नाही. ताटात किती वाढून घ्यावे हे भुकेल्याला कळते. कोठार कसे रिकामे करावे हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

दुसरा प्रश्न, खर्च म्हणजे काय? आपल्या वाचकांपैकी ज्यांनी दिवाळीला वह्या पूजून नवे खाते घातले आहे त्यांना हे सांगायला नको. लाखाचे सोने घेतले तर खर्च झाला का? नाही, रोकड गेली आणि सोने आले, जमेची बाजू तशीच राहिली. जागा घेतली, माल भरला, कोणाला व्याजाने दिले, तरी तेच. खरा खर्च तो, ज्याच्या बदल्यात वर्षअखेर ताळेबंदात काहीच उरत नाही. आणि पैशाचा स्वभाव असा, की थोड्या अकलेने हलवला तर तो काहीतरी मागे ठेवूनच जातो. व्यापाऱ्याच्या मुलाला हे बाळकडूतून मिळालेले असते. म्हणून त्याला लाख खर्च करायला सांगितले तर तो बहुधा हरेल. त्याचा हात आपोआप गुंतवणुकीकडे वळेल.

ही कल्पना जगाला सर्वस्वी नवी नव्हती. जॉर्ज बार मॅककचन या अमेरिकन लेखकाची ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ ही कादंबरी १९०२ सालची. तीतल्या माँटी ब्रूस्टरला आजोबांकडून दहा लाख डॉलर वारसाहक्काने मिळतात. त्या आजोबांचा द्वेष करणारा एक मामा मरताना सत्तर लाख डॉलर ठेवून जातो, पण अट घालतो, की आजोबांचा पैसा एका वर्षात पूर्ण संपला पाहिजे. हाती मालमत्ता उरता कामा नये, दानधर्माच्या नावाने रक्कम फेकून देता कामा नये, आणि हे सारे कशासाठी ते कोणाला सांगताही कामा नये. तो बिचारा बुडावेत म्हणून शेअर घेतो, तर त्यांचा भाव चढतो. या कादंबरीवर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अनेकदा चित्रपट निघाले. आपल्याकडे ‘मालामाल’ हा १९८८ सालचा हिंदी आणि ‘अरुणाचलम’ हा १९९७ सालचा तमिळ चित्रपट याच वळणाचे आहेत.

परंतु ब्रूस्टर आणि आपला मराठी नायक यांत एक मोठा फरक आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ब्रूस्टर पैसे उडवतो ते अधिक पैशांसाठी. दहा गेले तर सत्तर मिळणार. तो सौदाच आहे, फक्त उलट्या दिशेने मांडलेला. मराठी चित्रपटातल्या पैजेच्या शेवटी पैसा नाही, माणूस आहे. आणि अट घालणारा मेलेला मामा नसून मुलीचा जिवंत बाप आहे. त्यामुळे एका चमत्कारिक पैजेची गोष्ट इथे दोन वर्गांमधल्या भिंतीची गोष्ट होते.

ही भिंत कशाची असते? पैशाची, असे आपण चटकन म्हणतो. पण ते खरे असते तर गरिबाच्या हाती लाख रुपये पडताच ती कोसळायला हवी होती. बापाने लाख तर दिलेच आहेत! तरीही तरुण बाहेरचा तो बाहेरचाच राहतो. कारण भिंत रकमेची नाही, वागणुकीची आहे. कोणत्या दुकानात कसे शिरावे, भाव न विचारता वस्तू कशी उचलावी, नोकराला हाक कशी मारावी, बिलाकडे न पाहता खिशात हात कसा घालावा, या शेकडो बारीक सवयींतून श्रीमंती दिसते. बाप त्या तरुणाला विचारतो आहे, तुला आमच्यासारखे जगता येईल का? आणि चित्रपट हसत हसत आपल्याला उलट विचारतो, असे जगता येणे ही खरोखर पात्रता आहे का?

श्रीमंत-गरीब प्रेमाच्या कथा आपल्या सिंधुदुर्गाला परक्या नाहीत. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली. गरिबी त्यांनी तिथे शाळेच्या बाकांवर रोज पाहिली. ‘दोन ध्रुव’ ही त्यांची कादंबरी १९३४ सालची, आणि तिच्या नावातच श्रीमंती व दारिद्र्य यांमधले अंतर आहे. शिरोड्यात असतानाच त्यांनी मास्टर विनायकांच्या ‘छाया’ या १९३६ सालच्या चित्रपटाची कथा लिहिली. खांडेकरांच्या पिढीने हा विषय अश्रूंनी लिहिला, आणि ते त्या काळाला धरून होते. राजा परांजपे यांनी पुढे तोच विषय हसत मांडला. पैशाच्या ताठ्याला शाप दिला तर तो अधिकच ताठतो. त्याला हसले तर तो ओशाळतो. विनोदाला हे साधते.

आणि हसणारे हे लोक सुखवस्तू नव्हते. माडगूळकरांचे मॅट्रिक झाले नाही, आणि पोटासाठी त्यांनी घर सोडले. फडके यांनी उमेदवारीच्या काळात उपाशी दिवस काढले; ‘जगाच्या पाठीवर’ या त्यांच्या आत्मचरित्रात ते सारे आहे. राजा गोसावी तर पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकीट विकण्याच्या खिडकीवर नोकरीला होते, आणि आपणच काम केलेल्या चित्रपटाची तिकिटे त्यांनी त्या खिडकीतून विकली, अशी आठवण चित्रपटसृष्टीत सांगितली जाते. पडद्यावर लाख रुपये हाताळणारा माणूस खिडकीआड बसून आणे मोजतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पैसा नसणे म्हणजे काय ते या मंडळींना कोणी समजावून द्यावे लागले नव्हते. म्हणूनच त्यांच्या विनोदात गरिबाची कीव नाही आणि श्रीमंताचा मत्सरही नाही.

जावयाच्या परीक्षेचा विषय निघाला म्हणून आणखी एका चित्रपटाची आठवण करून देतो. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा फ्रँक काप्रा यांचा १९३४ सालचा अमेरिकन चित्रपट. आपल्याकडे राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) त्याच कथेवर बेतलेला आहे. त्यात एका कोट्यधीशाची मुलगी घरातून पळून जाते आणि वाटेत तिला एक फाटका वार्ताहर भेटतो. मुलीचा शोध लावणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस बापाने जाहीर केलेले असते. शेवटी तो वार्ताहर बापासमोर येऊन उभा राहतो आणि पैसे मागतो. किती? प्रवासात तिच्यापायी झालेला खर्च, कलमवार लिहिलेला, एकोणचाळीस डॉलर साठ सेंट. दहा हजारांची गोष्टही तो काढत नाही. त्या क्षणी बापाला कळते, की या माणसाचे आपल्या मुलीवर प्रेम आहे. एका हिशेबाच्या चिठ्ठीने जे सांगितले ते दहा पानांच्या प्रेमपत्राने सांगितले नसते. मी आयुष्यभर हिशेबाच्या चिठ्ठ्याच वाचल्या, त्यामुळे मला तो प्रसंग विशेष भावतो. तिथल्या बापाने परीक्षा ठरवली नव्हती. ती आपोआप झाली आणि त्याला वाचता आली. परीक्षा घेण्यापेक्षा ती वाचता येणे अवघड.

हे लिहिताना मला आपल्याच किनाऱ्यावरचे एक घर आठवते. नाव-गाव सांगत नाही. वाचकांनी तर्कही करू नये. कापडाचे जुने दुकान, तीन पिढ्यांची पेढी. शेठजींची एकुलती एक मुलगी शिकलेली, हुशार. तिने पसंत केलेला मुलगा कोण, तर त्याच दुकानातल्या मेहताजींचा. धर्म एक, समाज एक, दर्शनाला जाण्याचे मंदिर एक. फक्त एक घर गादीवर बसणारे आणि दुसरे गादीशेजारी बैठ्या मेजावर वही लिहिणारे. मुलगा काजूचा लहानसा कारखाना चालवत होता, बँकेच्या कर्जावर.

शेठजी एके दिवशी माझ्याकडे आले. म्हणाले, “साहेब, तुमची सारी हयात बँकेत गेली. तिथे ओळखीचे असतीलच. या मुलाची पत काय आहे तेवढे काढून द्या. कर्जबाजारी आहे म्हणतात.”

मी म्हटले, “शेठजी, खातेदाराची माहिती बाहेर देणे बँकेला चालत नाही, आणि मी ती मागणे मला शोभत नाही. तुम्ही त्यालाच विचारा.”

त्यांनी विचारले असावे, कारण आठवड्याने ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हातात त्या मुलाने स्वतःहून दिलेला वर्षभराचा खातेउतारा होता. मी चष्मा लावून पाहिला. काजूच्या धंद्यात बी येते ते मार्चपासून मेपर्यंत. वर्षभराची बी त्या तीन महिन्यांत घेऊन ठेवावी लागते. म्हणून उन्हाळ्यात सीसी खाते भरून उचलले जाते आणि मग गर विकला जाईल तसे उतरत येते. या मुलाच्या खात्यात नेमके तसेच होते. मर्यादा होती त्याहून कमी उचल, आणि नव्या हंगामाआधी खाते जवळजवळ कोरे. एकही रक्कम घरखर्चाकडे किंवा गाडीकडे वळलेली नाही. मी शेठजींना म्हटले, “कर्ज आहे हे खरे. पण कर्जाने माणूस लहान होत नाही. कर्जाचे त्याने काय केले यावरून त्याची उंची कळते.”

शेठजी समाधानी झाले नाहीत. म्हणाले, “मी विचार करतो, त्याला दुकानातून पाच लाख द्यावेत आणि सांगावे, वर्षात दुप्पट करून दाखव. मग पाहू.” हे बोलणे त्यांनी घरी काढले तेव्हा मुलाने पैसे घ्यायला नम्रपणे नकार दिला. हंगामाला लागणारे भांडवल मला बँक देते, एवढेच तो म्हणाला. आणि मुलीने वडिलांना विचारले, “पप्पा, ही अट घालण्याआधी तुम्ही मला विचारलेत का?”

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. बोलणे बाजारात पसरले तसे मेहताजी एका सकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन शेठजींपुढे उभे राहिले. त्यांनी मुलाची बाजू मांडली नाही. नोकरी सोडण्याची परवानगी मागितली. म्हणाले, “माझ्या घरामुळे पेढीला बोलणे नको.” तीस वर्षांची नोकरी होती.

त्या संध्याकाळी शेठजी तिसऱ्यांदा माझ्याकडे आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मीच बोललो. बँकेत उमेदवारीच्या काळात आम्हांला शिकवत, की कर्ज देताना तीन गोष्टी पाहा: चारित्र्य, कुवत आणि भांडवल; आणि पाहा त्या याच क्रमाने. मी त्यांना म्हटले, “शेठजी, तुम्ही भांडवलापासून सुरुवात केलीत. ज्या घराची पत तपासायला तुम्ही माझ्याकडे आलात, त्या घराच्या हातात तुमच्या तिजोरीची किल्ली तीस वर्षे आहे. याहून मोठी तपासणी कोणती बँक करणार?”

पुढच्या वैशाखात ते लग्न झाले. सारे काही गोड झाले असे मात्र मी म्हणणार नाही. मेहताजी अजून दुकानात येतात आणि शेठजी आले की अजून उठून उभे राहतात. शेठजी त्यांना ‘बसा व्याही’ म्हणतात; ते बसतात, पण मेजाशेजारीच, गादीवर नाही. मुले ज्या भिंतीतून सहज पलीकडे गेली, ती त्यांच्या वडिलांच्या मनातून निघायला वेळ लागतो. कदाचित ती त्या पिढीबरोबरच निघेल. पण किल्ली मेहताजींकडेच आहे.

आता ‘लाखाची गोष्ट’मधली ती अट आपल्या आजच्या घरांशी जोडून पाहा. १९५२ साली महिन्याभरात एक लाख उडवणे हा विनोदाचा विषय होऊ शकत होता, कारण ते अशक्यप्राय वाटे. आज आपल्या समाजातल्या एका साखरपुड्याच्या संध्याकाळी, नुसत्या फुलांवर आणि रोषणाईवर कित्येक लाख जातात. महिना नको, चार तास पुरतात. चित्रपटातली परीक्षा जावयाची होती. आपण ती मुलीच्या बापाची आणि हळूहळू दोन्ही घरांची करून टाकली आहे. ज्याला झेपते तो करतो, आणि ज्याला झेपत नाही तो त्याच्याहून अधिक करतो, कारण कमी केले तर लोक काय म्हणतील. अशी लग्नासाठी काढलेली कर्जे मी टेबलापलीकडून पाहिली आहेत. मांडव उतरतो, फुले वाळतात, आणि हप्ते पाच-पाच वर्षे चालतात. ताळेबंदात त्यापोटी काहीच उरत नाही. हिशेबाच्या भाषेत तोच खरा खर्च.

मी खर्चाच्या विरुद्ध नाही. व्यापार चालतो तो कोणीतरी खर्च करतो म्हणूनच. लग्नाचा मांडव हा मंडपवाल्याचा, फुलवाल्याचा, आचाऱ्याचा रोजगार असतो. प्रश्न इतकाच, की खर्च करण्याची ऐपत हीच जर आपण स्थळ पाहण्याची मोजपट्टी केली, तर त्या पट्टीवर मेहताजींचा मुलगा कधीच बसणार नाही, आणि लाखाचे बारा हजार करणारा मात्र उत्तम बसेल. वर्ष-दोन वर्षे तो फार शोभूनही दिसेल.

या चित्रपटात मला एक उणीवही जाणवते. अट घालणारा बाप आणि अट स्वीकारणारा तरुण, असा हा व्यवहार दोन पुरुषांमधला आहे. जिच्यासाठी पैज लागली तिचे मन मुख्यतः गाण्यांतून उमगते. कदाचित त्यामुळेच गाणी अधिक टिकली असतील. तिची बाजू त्यांत होती. आजच्या मुलीला गाण्याची वाट पाहावी लागत नाही. ती सरळ विचारते, मला विचारलेत का? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्या घरात मुलीला शिकवले, हिशेब समजावले, दुकानात बसवले, त्या घरात तो एक दिवस येणारच, आणि तो आला तर आपण तिला नीट वाढवले असे समजावे.

शेवट काय होतो, लाख संपतात की नाही, ते मी सांगणार नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि बाजारातही गिऱ्हाईक तुरळक असते अशा दुपारी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा. काळा-पांढरा आहे, वेग संथ आहे, नातवंडे पहिली दहा मिनिटे कुरकुर करतील. मग हसू लागतील. आणि पाहून झाल्यावर त्यांना एक साधा प्रश्न घालावा: तुझ्या हाती कोणी आज अशी रक्कम ठेवली आणि महिन्यात संपव म्हटले, तर तू काय करशील? उत्तरे लक्ष देऊन ऐकावीत. पुढे सून-जावई पाहताना जी चौकशी आपण दहा जणांकडे करत फिरतो, तिच्याहून अधिक माहिती आपल्याच घराविषयी त्या उत्तरांतून मिळेल.